गुंता सुकेपर्यंत

सुरुवात अंगठ्यापासून झाली. आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. एका रविवारी दुपारी जेवताना माझ्या यजमानांच्या डाव्या हाताचा अंगठा आपोआप आत-बाहेर हलायला लागला. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, म्हणून मी 'हे'च म्हणणार. तर हे आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिले, शेजाऱ्याच्या पोरानं येऊन आपल्या ताटात हात घालावा तसे. मग हसले. "बघ, मला न विचारताच चाललंय याचं," म्हणाले. दोन घास होईतोवर तो थांबला. आठवडाभर मशीनचं हँडल फिरवून शीर आखडली असेल, असं मला वाटलं. मी तिळाचं तेल कोमट करून हात चोळून दिला आणि विसरून गेले.

हे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. लेथवर लोखंडाचा तुकडा, त्यांच्या भाषेत 'जॉब', गरगर फिरवायचा आणि हत्यारानं तासत तासत मापाला आणायचा, हे त्यांचं काम. त्यांना ते फार आवडायचं. सांगलीत दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. माझं माहेर साताऱ्याचं. माझे वडील, आबा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या आणि यांच्या वर्कशॉपपासून जवळच एका कारखान्याच्या ऑफिसात नुकतीच लागले होते.

महिन्याभरानं तो अंगठा वर्कशॉपमध्ये हलला, आणि या वेळी तेवढ्यावर थांबला नाही. अंगठ्यातून मनगटात, मनगटातून कोपरात, तिथून खांद्यात असा झटका चढत गेला. तोंड डावीकडे ओढलं गेलं आणि हे मशीनशेजारी कोसळले. लेथ चालूच होता. पलीकडच्या मशीनवरच्या माणसानं झेप घेऊन बटण दाबलं. शर्टाची बाही जॉब पकडणाऱ्या फिरत्या चकमध्ये गेली असती तर काय झालं असतं, हे त्यानं मला कधी बोलून दाखवलं नाही. पुढं एकदा मी स्वतः ते मशीन चालू असताना बघितलं, तेव्हा कळलं.

मालकांनी त्यांना आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा हे कॉटवर झोपले होते. जीभ चावली गेल्यामुळं ओठाच्या कोपऱ्यात रक्त वाळलं होतं. मला बघून म्हणाले, "जॉब अर्धाच राहिला."

डॉक्टरांनी डोक्याचा सीटी स्कॅन करायला सांगितला. त्यात मेंदूच्या उजव्या बाजूला एक बारीक पांढरा ठिपका दिसला. पोटातल्या जंताची अंडी कधी कधी मेंदूपर्यंत जातात, तिथं गाठ होते, मग ती मरून चुन्यासारखी घट्ट होते, आपल्याकडं हे पुष्कळदा सापडतं, असं त्यांनी समजावलं. झटक्यांवरच्या गोळ्या सुरू झाल्या. मेलेल्या जंतापायी एवढं सगळं, म्हणून आम्ही थोडे चिडलो आणि थोडे निर्धास्तही झालो.

पण झटके येतच राहिले. कधी नुसता हात, कधी सगळं अंग. गोळ्यांनी यांच्या हिरड्या सुजल्या, दात निम्मे झाकले गेले. गल्लीत बातमी फिरली. एक शेजारीण दारात येऊन आत्यांना म्हणाली, "कवठेमहांकाळच्या पुढं एक देवऋषी हाय. लय गुण येतो त्याचा. एकदा घेऊन तर जावा."

आत्या जोंधळे निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "माज्या सासऱ्यानं छप्पन साली धम्म घेतला. तवा घरातले टाक, गंडे, अंगारं, समदं नदीत सोडलं. आता ते काढाया परत नदीत शिरू व्हय मी?"

शेजारीण गेली. आत्यांचा निश्चय असा पक्का होता, पण एक गोष्ट त्यांच्याकडून सुटत नव्हती. यांना झटका आला की त्या पळत जाऊन कांदा फोडायच्या आणि नाकाला लावायच्या. मी काही म्हटलं तर म्हणायच्या, "कांद्याला कुठला आलाय धरम?"

वर्कशॉपचे मालक स्पष्ट बोलणारे होते. यांना म्हणाले, "मशीनवर तुला उभा करणार नाही. पण घरीही बसवणार नाही." त्यांनी यांना तपासणीच्या टेबलावर बसवलं. बाकीच्यांनी केलेले जॉब मायक्रोमीटरनं मोजायचे आणि चुकलेले बाजूला काढायचे. हे घरी येऊन कुरकुरायचे. "दुसऱ्याच्या चुका मोजायला काय अक्कल लागते?"

डॉक्टरांनी गाडी चालवायलाही बंदी केली होती. यांची जुनी स्कूटर दारात उभी. सुरुवातीला हे बसनं जायला लागले. पण सकाळच्या पाळीच्या बसला माणसं दारात लोंबकळायची, आणि तिथं अंगठा हलला तर काय, हा विचार मला ऑफिसात टाईप करताना छळायचा. एके दिवशी मी म्हटलं, "स्कूटर मी चालवते. तुम्ही मागं बसा."

हे माझ्याकडं बघतच राहिले. मला सायकलच्या पुढं काही येत नव्हतं.

आबांना कळवलं, तर ते दुसऱ्याच दिवशी साताऱ्याहून हजर. येताना पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, कॅनव्हासचे बूट. मला मैदानावर घेऊन गेले आणि फौजेत नवीन पोरांना शिकवतात तसं शिकवायला लागले.

"क्लच दाब. गिअर टाक. आता सोड. आस्ते! आस्ते म्हणलं ना मी!"

स्कूटर बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. मी रडकुंडीला आले.

"आबा, मला न्हाई जमत."

"न्हाई जमत हा शब्द आमच्या पलटणीत नव्हता. फिरसे."

हे मैदानाच्या कडेला दगडावर बसून बघत होते. दोन-तीनदा गाडी बंद पडल्यावर उठून आले आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "क्लच सोडताना आवाज ऐक. इंजिन जरा दबकं बोलायला लागलं की तिथं थांब, मग रेस दे." मी आवाज ऐकला. गाडी सरळ निघाली. आबा मागून ओरडले, "शाब्बास! आता थांबायचं कसं ते शिकवायचं राहिलंय!"

आम्ही एक खूण ठरवली. अंगठा हलला की यांनी उजव्या हातानं माझ्या खांद्यावर दोन थापा मारायच्या, मी गाडी कडेला घ्यायची. डॉक्टरांना विचारलं. त्यांना ते फारसं पसंत पडलं नाही, पण बसच्या दारात लोंबकळण्यापेक्षा बरं, म्हणाले. पहिल्या दिवशी वर्कशॉपच्या फाटकात पोरं उभीच होती.

"काय गड्या, आज वहिनी डायवर?"

"व्हय," हे उतरत म्हणाले. "साहेब कवा पुढं बसतो का? साहेब मागंच बसतो."

सगळे हसले. त्यात कुचेष्टा होती की कौतुक, हे बघायला मी थांबले नाही. पण पुढं आठवडाभरात त्यांचं बोलणं थांबलं.

त्या थापा एकदाच पडल्या. विश्रामबागच्या पुढं, सकाळी. मी गाडी कडेला घेतली, यांना गवतावर बसवलं आणि मग आडवं केलं. हात थडथडत होता, मग सगळं अंग. शाळेला निघालेली मुलं थांबून बघत होती. रसवंतीवाला पाण्याचा तांब्या घेऊन आला. त्यानं पाणी तोंडात ओतू नये म्हणून मी त्याचा हात धरला, तर तो म्हणाला, "व्हय, ठावं हाय. शुद्धीवर आल्याव द्या." थोड्या वेळानं यांनी डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गाडी स्टँडवर लावलीस का?"

झटके थांबेनात आणि डोकंही दुखायला लागलं, तेव्हा मालकांनीच मिरजेच्या एका मेंदूच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. मध्यमवयीन, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी जुनी फिल्म उजेडावर धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "हा स्कॅन शिरेतून औषध न देता काढलाय. औषध देऊन परत काढू. मला या ठिपक्याच्या आजूबाजूला काय आहे ते बघायचंय."

नव्या फिल्मवर जे दिसलं ते मला आजही डोळ्यांपुढं आणता येतं. ठिपक्याभोवती पांढऱ्या वळवळत्या रेषा, भिजलेल्या शेवयांचा गोळा असावा तशा.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. "हृदयाकडून येणारं रक्त जोरात येतं. पुढं त्या नळ्यांना फाटे फुटत फुटत केसांहून बारीक जाळी होते. तिथं जोर कमी होतो, मग रक्त संथपणे परत जातं. यांच्या मेंदूत या एका जागी ती जाळीच नाही. जोराचं रक्त सरळ परतीच्या शिरेत घुसतं. त्या शिरा फुगल्यात, वेड्यावाकड्या झाल्यात. आजूबाजूचा मेंदू त्यानं चिडतो, आणि तो भाग नेमका डाव्या हाताचा आहे. म्हणून अंगठा."

"म्हणजे जंत नाही?" यांनी विचारलं.

"नाही. हे जन्मापासून असणार."

आत्या माझ्या मागं उभ्या होत्या. त्या पुढं आल्या. "जल्मापासनं?"

"हो मावशी."

आत्यांनी टेबलाची कड धरली. मग म्हणाल्या, "ह्यो पोटात व्हता तवा मी दुष्काळी कामावर व्हते. खडी फोडाया. दिवसभर हातोडा चालायचा, पोटापतोर हादरं बसायचं. त्यानंच झालं का वो हे?"

आमच्यापैकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं. पहिल्या झटक्यापासून त्या मनात हेच घेऊन बसल्या होत्या की काय, कोण जाणे.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, त्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या कितीतरी बायका पोटुशी असतील. त्यांच्या सगळ्यांच्या पोरांना असं झालं का?"

"न्हाई."

"या शिरांची जोडणी फार लवकर होते. दिवस गेलेत हे बाईला नीट कळतही नाही, तेव्हापासून. ती कधी कधी चुकते. का चुकते ते आम्हालाही माहीत नाही. पण तुमच्या हातोड्यानं नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो. कुणाच्याच कशानं नाही."

आत्यांनी पदर तोंडाला लावला आणि बाकावर जाऊन बसल्या. डॉक्टरांनी त्यांना रडू दिलं. मग झटका आला की काय करायचं ते त्यांनाच मुद्दाम समजावलं. "कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचा नको. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, कॉलर सैल करायची. फार वेळ थांबलाच नाही तर दवाखान्यात आणायचं. नाहीतर जवळ बसायचं."

"लेकरू तडफडतंय आन् म्या नुसतं बसू?"

"तेच सगळ्यात अवघड आहे. म्हणून तुम्हाला सांगतोय."

गोळ्या बदलल्या, हिरड्या हळूहळू ओसरल्या. पण खरा प्रश्न त्या गुंत्याचा होता. तो केव्हाही फुटून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. दरवर्षी तसं होण्याची शक्यता थोडीच असते, पण वय लहान आहे, पुढं पुष्कळ वर्षं काढायची आहेत, म्हणून काहीतरी करायला हवं. पुण्याला जांघेतून नळी घालून शिरांची तपासणी झाली. कवटी उघडून तो गुंता काढता आला असता, पण तो हाताच्या जागेतच रुतलेला. डाव्या हाताची ताकद जायची भीती होती.

"टर्नरचा हात आहे हो," मी म्हटलं.

"म्हणूनच दुसरा रस्ता सांगतो," मिरजेचे डॉक्टर म्हणाले. मुंबईत एका मोठ्या इस्पितळात नुकतंच एक यंत्र आलं होतं. त्यातून शेकडो बारीक किरणं चहूबाजूंनी डोक्यात सोडतात. एकेक किरण निरुपद्रवी, पण सगळी जिथं एकत्र येतात तिथं मात्र त्यांचा जोर. शिरांच्या भिंती त्यानं जाड होत जातात आणि गुंता आतून बुजतो. कापाकापी नाही. फक्त एक गोष्ट होती. परिणाम व्हायला दोन-तीन वर्षं लागणार, आणि तोवर धोका आहे तसाच राहणार.

घरी येऊन आम्ही चौघं बसलो. आबाही आले होते. आत्या म्हणाल्या, "तीन वरीस जीव टांगणीला?" यांनी कागदावर गोल काढून त्याच्या मध्यावर टिंब दिलं. "सगळं सेंटरवर आहे," म्हणाले. "सेंटर बरोबर पकडलं तर काम फत्ते. मी मुंबईला जाणार." खर्च माहेर, सासर आणि मालक असा मिळून निभावला. त्याचा हिशेब इथं नको.

मुंबईला आबा आणि मी बरोबर होतो. सकाळी यांच्या डोक्याला चार ठिकाणी बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि धातूची एक चौकट स्क्रूंनी कवटीला घट्ट बसवली. मला ते बघवेना. मी आबांच्या मागं सरकले, तर आतून यांचाच आवाज. "साहेब, हे फिक्श्चर कुठं बनवलंय? फिनिश काय सुंदर आहे हो!"

चौकट बसवणारा तरुण हसला. मग दोघांचं जे सुरू झालं! किती मिलिमीटरचा फरक चालतो, मापं कशी घेतात, डोकं हललं तर काय. तो म्हणाला, "हलणारच नाही. म्हणून तर स्क्रू."

"म्हणजे आज मीच जॉब," हे म्हणाले. "नीट क्लॅम्प केलाय ना?"

यंत्रात त्यांना सरकवलं आणि जाड दार लागलं. बाहेर आबा ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर. फौजेत असताना कधी भीती वाटली का, असं मी लहानपणी त्यांना विचारायचे आणि ते टाळायचे. त्या दिवशी मी न विचारताच म्हणाले, "बर्फात ड्यूटीवर असताना वाटायची. पण तिथं बंदूक तरी असायची हातात." मी त्यांचा हात धरला. खरबरीत आणि थंड होता.

दुपारी हे बाहेर आले. कपाळावर आणि मागं स्क्रूंच्या बारीक खुणा, बाकी काही नाही. "आवाज नाही, चटका नाही, काही झालं असं वाटतच नाही," म्हणाले. जरा निराशच झाले होते.

मग वाट बघणं सुरू झालं. वर वर तर काहीच बदललं नव्हतं. त्याच गोळ्या, तीच स्कूटर, मी पुढं आणि हे मागं. झटके विरळ झाले. आम्ही सुखावलो. आणि मग, वर्ष व्हायच्या आत, यांचा डावा पाय ओढायला लागला. चप्पल पायातून निसटायची. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, किरणांमुळं आजूबाजूला सूज आलीय, काहींना येते, उतरते. सूज उतरवायच्या गोळ्यांनी यांचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं आणि झोप उडाली. त्या दिवसांत हे पहिल्यांदा खचलेले दिसले. "हात वाचवायला गेलो आणि पाय गेला," म्हणाले. आत्यांनी ऐकलं आणि त्यांना रोज अंगणात चालायला लावलं. त्या बाजूला काठीसारख्या उभ्या. "चल लेका. मला म्हातारीला धरून चल. पडलो तर दोघं पडू." काही आठवड्यांत पाय सरळ पडायला लागला.

दुसऱ्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. हा आजार आई-बापाकडून पोराकडं सहसा येत नाही, हे डॉक्टरांना आधी दहादा विचारून घेतलं होतं. हे तिला उभ्यानं कधी घेत नसत. जमिनीवर गादी टाकायची, भिंतीला टेकून बसायचं, मग म्हणायचं, "आता दे." डावा हात तिच्याखाली जायचा नाही, उजवाच. अंगठा बाजूला ठेवल्यासारखा ठेवायचे. मुलगी मात्र नेमका तोच अंगठा मुठीत धरून झोपायची.

ठरल्याप्रमाणं तपासणीची वेळ आली तेव्हा शेवटचा झटका येऊन बरेच महिने झाले होते. मुलीला आत्यांजवळ ठेवून आम्ही दोघंच मुंबईला गेलो. परत जांघेतून नळी, परत चित्रं. संध्याकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन फिल्म शेजारी शेजारी लावल्या. जुन्या फिल्मवर शेवयांचा गोळा. नव्या फिल्मवर त्या जागी काहीच नाही, साध्या, सरळ फाटे फुटत गेलेल्या रेषा.

"कुठे गेलं?" मी विचारलं. प्रश्न वेड्यासारखा होता.

"बुजलं," बाई म्हणाल्या. "आता तिथून रक्त जातच नाही. रक्तस्रावाचा धोका गेला. झटक्यांच्या गोळ्या मात्र लगेच बंद करायच्या नाहीत. मेंदूला चिडायची सवय लागलेली असते, ती हळूहळू जाईल."

हे फिल्मजवळ गेले. बोट न लावता त्या रिकाम्या जागेवरून हवेत फिरवलं. "सेंटर बरोबर पकडलं होतं त्यांनी," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळची एसटी धरली. पुण्यापर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो. बोलायला लागलो तर काहीतरी बिघडेल, असं वाटत होतं. शिरवळला गाडी चहापाण्याला थांबली. हे उतरले आणि मिसळ मागवली. ती संपवून दुसरी मागवली. मी नुसती बघत होते. दुसरी प्लेट निम्मी झाल्यावर यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हॉटेलातल्या माणसानं लगबगीनं ताकाचा ग्लास आणून ठेवला. "लय झणझणीत लागली का पाव्हणं?"

"लय," हे म्हणाले आणि ताक पिऊन परत खायला लागले.

रात्रीपुरतं साताऱ्याला थांबून मग सांगलीला जायचं ठरलं होतं; स्टँडवर आबा उभे होते. फोनवरून त्यांना सगळं कळलं होतं, तरी त्यांनी यांना नीट उभं करून दोन्ही हात हातात घेतले आणि दाबून बघितले, आधी उजवा, मग डावा. "ताकद सारखीच हाय," म्हणाले. एरवी आबा स्टँडवरून घरी पायीच जायचे, बरोबर कितीही सामान असलं तरी. त्या दिवशी त्यांनी हात करून रिक्षा थांबवली, आम्हाला मागं बसवलं आणि स्वतः रिक्षावाल्याशेजारी अंग चोरून बसले. घरी पोचेपर्यंत त्या अनोळखी माणसाला ते जावयाबद्दल सांगत होते.